हॅटमध्ये राहिलेली चिठ्ठी

मित्रांनो, मी एक जुनी करडी हॅट आहे. गेल्या साठ वर्षांत मला कुणी डोक्यावर घातलेलं नाही, पण म्हणून मला कमी समजू नका. मिशिगनमधल्या कॉल्डर मिल्स शहराची एक सनद आहे, म्हणजे कारभाराच्या नियमांचं पुस्तक. त्यात माझा उल्लेख आहे! नगरपालिकेच्या निवडणुकीत दोघांना सारखीच मतं पडली, तर दोन्ही नावांच्या चिठ्ठ्या 'महापौरांच्या हॅटमध्ये' टाकायच्या आणि एक काढायची. पुढे महापौरांनी हॅट घालणं सोडलं, पण नियम राहिला, म्हणून मीही राहिले.

डेट्रॉईटच्या एका कारागिराने वाफ देऊन मला घडवलं आणि आत चामड्याचा पट्टा शिवला. दोनदा माझ्यातून चिठ्ठी निघाली, दोन्हीदा टाळ्या पडल्या, पेपरात फोटो आला. मग मला कपाटावर नाताळच्या दिव्यांच्या खोक्यामागे ठेवलं. तिथे पट्ट्याची शिवण उसवली. कुणी बघितलंसुद्धा नाही.

आठ वर्षांपूर्वी पुन्हा बरोबरी झाली. एकीकडे हार्डवेअरच्या दुकानाचे मालक रेक्स बर्डेट, दुसरीकडे शाळेची बस चालवणारी विल्मा कोस्की. मिल रोडवर मुलं बर्फात उभी राहून बसची वाट बघतात, त्यांच्या डोक्यावर छप्पर हवं, एवढ्यासाठी विल्मा उभी होती. नगरपालिकेच्या निवडणुका बघणाऱ्या क्लार्क डोलोरेस टूमी यांनी चिठ्ठ्या टाकून मला हलवलं, आणि विल्माची चिठ्ठी घसरून थेट पट्ट्याखाली गेली. मी मेली ओरडणार कशी? हाताला लागली ती रेक्सचीच. दुसरी कुणी मागितली नाही, कारण नियमात एकच काढायला सांगितली होती. आपलं नशीबच फुटकं म्हणत विल्मा घरी गेली आणि पुन्हा उभी राहिली नाही. तिचं नाव उराशी धरून मी कपाटावर पडून राहिले. फार लाज वाटायची मला.

या वसंतात शहराने सनद तपासायला एक वकील नेमली, टेस हॅल्व्हर्सन. भारी चिवट बाई! अर्जाची मुदत, मतमोजणी, एकेक कलम वाचत ती माझ्या कलमापाशी येऊन अडली.

"दुसरी चिठ्ठी दाखवायची, असं यात कुठेच नाही," ती डोलोरेसना म्हणाली. "मग ती आत होती, हे पाहिलं कुणी?"

डोलोरेसना राग आला. सव्वीस वर्षांत आपल्या कामात खोट निघालेली नाही, असं सुनावून त्यांनी मला खाली काढलं आणि टेबलावर आपटलं. टेसने पट्ट्यातून बोट फिरवलं. कागद बाहेर आला. अक्षर डोलोरेसचंच होतं. त्यांनी नाव वाचलं: विल्मा कोस्की.

निकालाला आव्हान द्यायची मुदत केव्हाच संपली, आता निकाल बदलणार नाही, कुणाला सांगायचं बंधनही नाही, असं टेसने समजावलं. डोलोरेसनी मला काखेत मारलं आणि तडक बसच्या आवारात गेल्या. विल्मा बस धूत होती.

"विल्मा, तू माझ्या हाताला लागणारच नव्हतीस," त्यांनी चिठ्ठी पुढे केली. "चूक माझी. मी आत बघितलं नाही."

विल्माने कागदावर आपलं नाव वाचलं.

"म्हणजे आठ वर्षं मी नशिबाला शिव्या घातल्या, आणि उसवली होती हॅट?" मग तिला हसू आलं, डोळेही भरले. ओला हात पँटला पुसत तिने विचारलं, "यंदा अर्ज कधीपर्यंत घेता?"

नोव्हेंबरात लोकांनी दोन गोष्टींवर मत दिलं. एक, विल्मावर. दुसरी, टेसच्या नव्या नियमावर: चिठ्ठ्या काचेच्या बरणीत टाकायच्या, आणि न निघालेलीही सगळ्यांना दाखवायची. त्या मोजणीला मात्र जुनाच नियम लागू होता, बरोबरी झाली तर चिठ्ठ्या माझ्यातच पडणार होत्या. मनात एकच धावा, बरोबरी नको गं बाई! नियम मंजूर झाला. विल्मा त्रेसष्ट मतांनी निवडून आली. मिल रोडवर आता छप्पर आहे.

मला काम उरलेलं नाही. तरी डोलोरेसनी स्वतः सुई-दोरा घेऊन माझा पट्टा शिवला आणि मला बरणीशेजारी ठेवलं. मित्रांनो, जुनी वस्तू असो की जुना नियम, नुसता मान देऊन कपाटावर ठेवू नका. अधूनमधून खाली उतरवा आणि आतून बोट फिरवून बघा. आत कुणाचं तरी नाव अडकलेलं असेल.