मागचाच भाव

झुलेमाने गंजलेल्या शटरसमोर तीन टाळ्या वाजवल्या. व्हिया सालाद गावात दार कुणी ठोठावत नाही, टाळ्या वाजवतात, मग आतून टाळी येते किंवा "आले" म्हणतात. इथून कोण म्हणणार? पाववाले एलेउतेरियो यापुरा जाऊन दोन वर्षे झाली होती. बेकरी मात्र सरकारी यादीत होती आणि भाव टिपणे ही झुलेमाची नोकरी. तिने पेन्सिलीने लिहिले, 'बंद'.

कचेरीत अर्गान्यारास साहेबांनी नेहमीप्रमाणे रबर काढले.

"बाई, बंद लिहू नका. मागचाच भाव लिहा, चारशे पेसो."

"चालू दुकानात किलोला अठराशे आहे, साहेब. यापुरा वर गेलाय. तिथनं विकतोय का?"

"वर्षात तिसरा मंत्री आलाय. शुक्रवारी हा तरी असेल का, देव जाणे. नवा हुकूम येईस्तोवर यादीतलं एकही दुकान हलवायचं नाही. निवृत्तीला चौदा महिने राहिलेत ना तुमच्या? झाकली मूठ राहू द्या की."

यादीतल्या चाळीस दुकानांपैकी एकोणीस बंद होती. मेलेल्या माणसाचे वय वाढत नाही, तसे त्यांचे भावही वाढत नसत. मग महागाईचा आकडा खाली यायचा आणि रेडिओवरचे जाणकार त्यात सरकारचे यश बघायचे. त्याच आकड्याने झुलेमाच्या आईचे, हर्मिनियाचे, पेन्शन वाढायचे. म्हणजे वाढायचे नाहीच. म्हातारी हृदयाची गोळी सुरीने अर्धी करून घ्यायची. झुलेमाला हे सगळे कळत होते. तरी तिने मूठ झाकून ठेवली होती आणि त्याची तिला लाज वाटायची.

जानेवारीत आई पुन्हा अख्खी गोळी घेऊ लागली.

"पैसे कुठनं आले, आई?"

"पेन्शन पुरतं की आता! दुकान पारखावं लागतं, बये. जन्मभर भाव लिहिलेस, पण बाजार काही तुला कळला नाही." म्हातारीने पिशवीतून पाव काढला. गरम होता. "यापुराकडचा. चारशेलाच दिला. फार बोलत नाही आता तो, पण वजन चोख."

झुलेमाच्या हातातला चहाचा पेला तसाच राहिला. आईच्या तळहाताला तांबूस गंज लागला होता.

"आणि गोळ्या?"

"सोसाकडनं."

सोसाचे औषधांचे दुकानही यादीत होते. तेही बंदच होते, सोसाही कधीचा वारला होता.

"दोघंही एकच म्हणतात," आई पाव मोडत म्हणाली. "तुमच्या लेकीच्या कागदावर आमचा भाव आहे, तोवर आम्हाला जाता येत नाही. असं काय लिहून ठेवलंयस गं त्यांचं?"

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, गाव झोपेत चिडीचूप असताना, झुलेमाला जाग आली. आईची खाट रिकामी होती, खुंटीवरची पिशवीही नव्हती. कचेरीची थैली सवयीने खांद्याला अडकवून ती उन्हात धावत सुटली. रस्त्यात कुत्रेसुद्धा नव्हते. बेकरीला तेच गंजके कुलूप होते. तिने तीन टाळ्या वाजवल्या.

आतून तीन टाळ्या आल्या.

"आले गं!" आवाज आईचा होता. "जरा थांब. बसून खा म्हणतोय, खुर्ची दिलीय. गार वाटतं बघ इथं."

"आई, बाहेर ये! काही खाऊ नकोस तिथलं!"

"का म्हणून? इथं परवडतं मला."

 झुलेमाने थैलीतून यादी काढली आणि शटरवर धरली. या वेळी पेन्सिल नाही, शाईचे पेन घेतले. 'यापुरा बेकरी. कायमची बंद. मालक वारले.' मग सोसाचे नाव. मग उरलेली सतरा, एकेक करून. खाली सही केली. साहेबांच्या रबराने हे निघणार नव्हते. निवृत्तीला उरलेल्या महिन्यांचा विचार तिच्या मनात आला, पण तोवर सही होऊन गेली होती.

पावाचा वास एकदम थांबला. कुलूप जागचे हलले नाही. बाजूच्या बोळातून आई डोळे चोळत आली. हातात रिकामी पिशवी होती.

"दिवाच मालवला कुणीतरी," ती कुरकुरली. "आता पाव कुठनं आणायचा?"

"चालू दुकानातनं."

"परवडेल?"

"नाही," झुलेमा म्हणाली आणि आईच्या हातातली पिशवी तिने आपल्याकडे घेतली.