सुलोचनाने न तपासलेला बोल्ट

हरमलच्या जत्रेहून परतताना पिकअपच्या मागच्या डाव्या चाकातून खडखड आवाज येऊ लागला. सुलोचनाला तो स्पष्ट ऐकू येत होता आणि शेजारी गाडी चालवणाऱ्या तिच्या नवऱ्याला, दत्तारामला, येत नव्हता. नुसत्या आवाजावरून पंख्याचा पट्टा सैल झालेला ओळखणारा माणूस तो.

"अहो, गाडी उबी करा. काय तरी वाजता."

"रस्तो वायट हा. दुसरा काय नाय," तो म्हणाला आणि तसाच पुढे गेला.

कोरगावला घरी पोचल्यावर दत्ताराम जेवून आडवा झाला, तेव्हा तिने अंगणात जाऊन चाकाला हात लावला. पाचांतले तीन नट घट्ट होते. दोन तिच्या बोटांनी फिरले. परवाच त्याने ते चाक काढून परत बसवलं होतं.

ती पिकअप त्याने घेतली गोवा राज्य झालं त्यानंतर तिसऱ्या वर्षी, डिचोलीच्या एका खाण कंत्राटदाराकडून. आधी ती खाणीवर माणसं आणि सामान वाहायची. घरी आणल्यावर दत्तारामने ती चार दिवस धुतली, तरी दाराच्या फटींतून, सीटखालून तांबडी धूळ निघतच राहिली. खाणीवरची गाडी दोन वर्षं चालली तरी पुष्कळ, असं वाड्यावरचे लोक म्हणाले. बारा वर्षं झाली तरी ती चालत होती. गूळ-आलं लावलेल्या खाज्याचं दुकान घेऊन नवरा-बायकोने तिच्यातून पेडण्यातली आणि डिचोलीतली एक जत्रा सोडली नाही. गौरवी, त्यांची एकुलती मुलगी, त्या गाडीत गुळाच्या डब्यांना टेकून झोपत मोठी झाली आणि लग्न होऊन म्हापशाला गेली.

गाडीचं सगळं दत्ताराम स्वतः करायचा. दर पंधरा दिवसांनी सोमवारी आंब्याखाली गोणपाट अंथरायचा आणि खाली शिरायचा. ग्रीस भरायचा, बॅटरीत पाणी घालायचा, हवेचा फिल्टर काढून दगडावर हलके हलके आपटायचा. ऑईल बदलायचं असलं की आधी इंजिन चालवून गरम करायचा. "थंड ऑईल मळ घेवन बाहेर येना नाय," हे त्याचं ठरलेलं वाक्य. सुलोचना पायरीवर आलं ठेचत बसायची आणि त्याने हात बाहेर काढला की त्यात पाना द्यायची. कुठल्या बोल्टाला कुठला पाना लागतो, हे तिला पाठ होतं. पण एवढ्या वर्षांत तिने स्वतः एक नटही फिरवला नव्हता.

त्या दुपारी तिने तो फिरवला. पाना बसवला, नवरा द्यायचा तसा त्याच्यावर पाय दिला आणि सगळं वजन टाकलं. दोन्ही नट बसले. मग उरलेल्या तीन चाकांचेही बघून घेतले. तिला आपण काही चोरतो आहोत असं वाटत होतं. आत त्याच्या घोरण्याचा आवाज थांबला, तशी ती घाईघाईने पाना पेटीत ठेवून विहिरीवर हात धुवायला गेली.

नंतर हे तिचं कामच झालं. त्याने एकदा भरलेलं ऑईल विसरून दुसऱ्यांदा भरलं आणि गाडी निळा धूर सोडू लागली. एकदा रेडिएटरचं झाकण आंघोळीच्या बालदीत सापडलं. गौरवी माहेरी आली होती, ती म्हणाली, "आवय, बाबा तीच गोष्ट तीन-तीनदा विचारतत." सुलोचनाने वयावर घातलं. दत्ताराम अठ्ठावन्न वर्षांचा होता. त्याला काही विचारायची तिची छाती झाली नाही. गाडीच्या कामात त्याला कोणी चूक दाखवली असती, तर तो दोन दिवस जेवला नसता. म्हणून तो सोमवारी गाडीखालून निघाला की ती थांबायची, तो झोपला की जायची आणि त्याने केलेलं सगळं पुन्हा हात लावून बघायची. ऑईल मोजायची काडी, झाकणं, चाकं आणि सगळ्यात शेवटी खाली वाकून इंजिनाच्या तळाचा, ऑईल सोडायचा बोल्ट.

शिरगावच्या जत्रेच्या आदल्या दिवशी त्याने ऑईल बदललं. शिरगाव म्हणजे त्यांच्या वर्षाची मोठी जत्रा. सकाळपासून सुलोचना परसात खाजी तळत होती आणि दुपारी तिने गुळाचा पाक चुलीवर चढवला. पाक पुढे गेला की खाजं दगड होतं, मागे राहिला की चिकट होतं. त्याच्यापुढून उठता येत नाही. एकामागून एक पाच घाणे झाले. शेवटच्या घाण्याला आलं आणि तीळ लावून होईपर्यंत दिवस कलला होता. मग टोपल्या भरायच्या राहिल्या होत्या, कापड शोधायचं होतं. गाडीचं तिच्या मनातूनच गेलं.

सकाळी दोघं निघाली. दत्तारामने धुतलेला पांढरा सदरा घातला होता. म्हापसा गेला, अस्नोडा मागे पडला. पुढच्या चढावर डॅशबोर्डवरचा तांबडा दिवा लागला.

"अहो, दिवो पेटलो. ऑईलचो."

दत्तारामने त्याच्याकडे पाहिलं. अनोळखी लिपीतली पाटी पाहावी तसा तो त्या दिव्याकडे पाहत राहिला.

"पेटूं दी. विझतलो."

"उबी करा गाडी. आधी उबी करा."

तो थांबेपर्यंत इंजिनच थांबलं. आधी लोखंडावर लोखंड घासल्याचा लांब आवाज आला, मग धक्का बसला आणि सगळं गप्प झालं. सुलोचना उतरली. मागे रस्त्यावर नजर पोचेल तिथपर्यंत काळी रेघ ओढलेली होती. मालाने भरलेले खाणीचे ट्रक तिच्यावरून जात होते.

दत्ताराम पांढऱ्या सदऱ्यानिशी गाडीखाली गेला. बराच वेळ बाहेर आला नाही. आला तेव्हा त्याचा उजवा हात कोपरापर्यंत काळा होता.

"बोल्ट नाय," तो म्हणाला. "हातान लायलो आसतलो. पानो लावक इसारलंय."

तो रस्त्याकडेच्या दगडावर बसला आणि हाताकडे बघत म्हणाला, "तू दरवेळी मागसून बगतंस. काल कित्याक नाय बगलंस?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. पोराने विचारावं तसं त्याने विचारलं.

"पाक चुलीर होतो," ती कशीबशी म्हणाली.

त्याने मान हलवली. "पाक सोडून येवक जायत नाय. खरा हा."

"तुमका ठावक होता?"

"चाकाचे नट तू माझ्यापेक्षा घट आवळतंस. सोडताना जीव जाता." तो थोडा हसला. "माका समजाचा, गो. केलंय काय नाय केलंय, ता आठवना नाय. मग वाटायचा, तू बगतलंस. तू आसस तवसर चलतला."

म्हणजे इतके महिने ती त्याच्यापासून लपवत होती आणि तो तिच्यापासून. दोघांनीही एकमेकांना जपण्यासाठी तोंड मिटलं होतं, आणि त्या महिन्यांत एकदा जरी बोलले असते तर डॉक्टरकडे तरी लवकर गेले असते. सुलोचना त्याच्या शेजारी बसली. पदराने त्याचा हात पुसू लागली. ऑईल निघालं नाही, पदर तेवढा काळा झाला.

एका बांगडीवाल्याने आपल्या टेम्पोतून टोपल्या शिरगावला नेल्या. दुकान लागलं, खाजी खपली. वेताच्या काठ्या घेतलेले ओळखीचे धोंड, देवीचे व्रतकरी, नेहमीप्रमाणे थांबले, दत्तारामची चौकशी करून गेले. तो मागे रिकाम्या पेटीवर बसून होता आणि प्रत्येकाला गाडी कुठे लावली हे विचारत होता.

पुढे बांबोळीच्या सरकारी इस्पितळात दाखवलं. डॉक्टरांनी त्याला घड्याळाचं चित्र काढायला लावलं. त्याने गोल काढला आणि सगळे आकडे एकाच बाजूला घातले. हे वाढतच जाणार, थोपवता आलं तर पाहू, असं डॉक्टरांनी गौरवीला सांगितलं. गौरवीने ते आईला बसस्टँडवर सांगितलं आणि तिथेच तिला रडू कोसळलं. सुलोचनाला रडू आलं नाही. तिला फक्त पाच घाण्यांचा पाक दिसत राहिला. तिसऱ्या घाण्यानंतर उठता आलं असतं, हे तिला त्या दिवसापासून रोज वाटत आलं आहे.

गाडी भंगारात काढा, असं जावई साईश म्हणाला. तिने ऐकलं नाही. म्हापशाच्या गोकुळदास मेस्त्रीने इंजिन उघडलं आणि दोन महिन्यांत उभं करून दिलं. जत्रेच्या दिवशी साईश गाडी चालवेल, असं ठरलं. देखभालीला महिन्यातून एकदा माझ्याकडे पाठवा, असं मेस्त्री म्हणाला, तेव्हा तिने मान हलवली. "ता मी करतंय."

आणि ती करू लागली. गुडघे दुखायचे, साडी खराब व्हायची, म्हणून तिने गौरवीचा जुना पंजाबी ड्रेस वापरायला काढला. दत्ताराम खुर्चीत बसून असायचा. सुरुवातीला तो सांगायचा, "आदी गरम कर." मग सांगेनासा झाला.

पुढच्या वर्षी शिरगावच्या जत्रेआधी ती गाडीखाली पडून ऑईल सोडत होती. कोमट काळी धार डब्यात पडत होती. खुर्चीतून दत्तारामचा आवाज आला.

"बाये, तू ह्या काम खंय शिकलंस?"

बाय म्हणून त्याने तिला आजवर कधी हाक मारली नव्हती. वाड्यावरच्या दुसऱ्या बायकांना तो तशी मारायचा.

"एक माणूस होतो," ती खालूनच म्हणाली. "तेणा शिकयला."

"बरा शिकयला हा. हल्ली असो माणूस मेळना नाय. तेका एक दिवस जेवक बोलय."

"बोलयतंय."

धार थांबली. तिने बोल्टाला वॉशर घातला, हाताने फिरवला, पाना लावून आवळला आणि परत एकदा आवळून पाहिला. काम संपलं होतं तरी ती बराच वेळ गोणपाटावर तशीच पडून राहिली. मग बाहेर आली, टॉवेलला हात पुसले आणि त्याचं पान वाढायला आत गेली.