आईच्या गावावरचा लाल डाग

ओर्नेलाने आजवर कितीतरी भूकंप ओळखले होते, अर्थात ते होऊन गेल्यावर. उपग्रहाची जुनी चित्रं चाळली, की भूकंपाआधी जमीन तापल्याचा लाल डाग कुठेतरी सापडायचाच. आज मात्र डाग आधी दिसला, आणि तोही अपेनाइन डोंगरातल्या भूगर्भीय भेगेवर, बरोबर तिच्या आईच्या गावावर.

"भूकंप झाला तर शोधनिबंध छापू," संस्थेतले तिचे साहेब चित्र बघून म्हणाले.

तिने आईला फोन लावला. "आई, आज घरात थांबू नकोस. जमीन हलेल कदाचित."

"किती वाजता?"

"ते नाही सांगता येत."

"मग पास्ता शिजेपर्यंत आत थांबते."

"आई!"

"बरं बाई, निघते. एवढी शिकलीयेस तू."

ओर्नेला गाडीने गावात पोचली तेव्हा दुपार कलली होती. आई अक्रोडाच्या झाडाखाली बसली होती, आणि तिचं बघून सगळी गल्ली खुर्च्या घेऊन बाहेर आली होती. कुणी पत्ते पिसत होतं, कुणी पेंगत होतं. दगडी घरं दारं सताड उघडी टाकून झोपली होती, आणि त्यांच्यामागे डोंगर संथ श्वास घेत असल्यासारखा वाटत होता.

"काय गं, जाऊ का आता आत?" आईने विचारलं.

ओर्नेलाने चपला काढून जमिनीवर पाय टेकले. "गरम आहे."

"ऑगस्ट आहे," आई म्हणाली.

ओर्नेलाने वाकून तळहातही जमिनीवर टेकवून पाहिला.

"अजून थोडं बसू या," ती म्हणाली. आईने खुर्ची सरकवून तिला सावलीत जागा करून दिली.