कोपराखालचा हात

आमच्या ह्यांना संध्याकाळी रस्त्यावर बघणाऱ्याला वाटायचं, गडी पिऊन आलाय. हे थेंबाला शिवत नाहीत. फौजेत होते, तोफखान्यात. सरावाच्या वेळी एक गोळा जवळच फुटला आणि डाव्या कानाच्या आतलं काहीतरी बिघडलं. बाहेरून कान एकदम झकास. पण माणसाचा तोल कानात असतो, हे मला तरी कुठे माहीत होतं? उजेडात हे डोळ्यांवर कसंबसं निभावून नेतात. अंधार पडला की झोकांड्या.

रिटायर झाल्यावर मानपाड्याला एका कंपनीत सिक्युरिटीचं काम लागलेलं. एका संध्याकाळी गेटवर तोल गेला, तर सुपरवायझरने जवळ येऊन तोंडाचा वास घेतला. ह्यांच्या, हवालदार विश्रामच्या तोंडाचा वास! आला नाही, तरी दुसऱ्या दिवशी काढून टाकलंच. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेव्हापासून बाहेर पडलो की माझा हात ह्यांच्या कोपराखाली. दाखवायचं असं, की आधार मलाच लागतोय.

फौजेतून सुटताना ह्यांची दुखापत किरकोळ ठरवलेली, म्हणून तिची पेन्शन नाही. अपील केलं तेव्हा लष्करी इस्पितळात बोर्डासमोर बोलावलं. डॉक्टर म्हणाले, चालून दाखवा. हे छाती काढून चालले आणि फाईल घेऊन मीही शेजारून, कोपराखाली हात. चक्कर येते का? "नहीं सर, सब ठीक है." झालं, पुन्हा किरकोळ. घरी येऊन मी अशी भांडी आपटली की खालच्या आवडाबाई वर आल्या.

आवडाबाई म्हणजे आमच्या चाळीच्या मालकीणबाई, इथल्याच आगरी. जीभ तिखट, मन मऊ. एकदा बाजारातून येताना त्यांनी आम्हाला अडवलं. "काय गो शालू, नवऱ्याला पोलिसासारखी धरून नेतंस रोज. सोड की जरा, पलून नाय जाणार."

मी हसले आणि जिना चढताना मध्येच थांबले. गल्लीला कळू नये म्हणून मी जे लपवत होते, ते डॉक्टरांपासूनही लपलं होतं. त्यांनी सरळ चालणारा माणूस पाहिला, सरळ चालणाराच लिहिला. त्यांची तरी काय चूक?

शेवटच्या अपिलाचं बोलावणं आलं तेव्हा मी सांगून टाकलं, "ह्या वेळी मी हात लावणार नाही."

"पडलो तर?"

"तर पडा."

हे बराच वेळ बूट पुसत बसले. मग हळूच म्हणाले, "वर्दीतल्या माणसांसमोर, शालू?"

 मी म्हटलं, "गल्लीत दारुडा ठरण्यापेक्षा वर्दीतल्यांसमोर पडलेलं बरं. ते तरी कारण लिहून देतील."

ह्या वेळी बोर्डात मेजर बाई होत्या, कानाच्या डॉक्टर. मला त्यांनी दाराजवळ उभं केलं. ह्यांना म्हणाल्या, पाय जोडा, डोळे मिटा, आता जागच्या जागी पावलं टाका. हे दोन-चार पावलं ठीक होते. मग डावीकडे कलायला लागले. माझा हात आपोआप पुढे गेला. मी पर्सचा पट्टा मुठीत आवळून धरला आणि देवाचं नाव घेतलं. हे आडवे झाले ते थेट शेजारी उभ्या वॉर्डबॉयच्या अंगावर.

बाईंनी ह्यांना खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. विचारलं, "रोज कौन संभालता है आपको?"

ह्यांनी खुर्चीतच छाती काढली. मला वाटलं, आता पुन्हा सब ठीक है. आणि हे माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ये, मॅडम. ये नहीं होती तो मैं रोज गिरता. लोग समझते हैं, मैं शराबी हूँ."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. मी बाहेर जाऊन व्हरांड्यात रडून घेतलं.

निकाल आला. दुखापत नोकरीतलीच आणि मोठी, असं मान्य झालं. त्या दुखापतीची पेन्शन बसली. बाईंनी तोलाचे व्यायामही शिकवले. म्हणाल्या, कान बरा होणार नाही, पण शरीर शिकतं. आता हे रोज सकाळी गच्चीवर एका रेघेवरून चालतात आणि आवडाबाई वाळवण सांभाळत त्यांना ओरडतात.

काल संध्याकाळी भाजी घेतल्यावर मी दोन्ही पिशव्या माझ्याच हातात ठेवल्या. ह्यांनी पाहिलं. चालायला लागले, मी मागे. पानाच्या टपरीजवळ झोकांडी गेली, तशी तिथली पोरं एकमेकांना कोपरं मारून हसली. ह्यांनी विजेच्या खांबाला हात टेकला, तोल सावरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "फौजेत कान गेलाय, बाळांनो. पाय शाबूत आहेत."

मग खांब सोडून पुढे चालायला लागले. मी पिशव्या घट्ट धरून मागून गेले.