तसलं काही नाही ना?

नर्सबाई कामाला चोख होती. आरोग्य सर्वेक्षणाचा टॅबलेट घेऊन ती सकाळपासून घरोघर फिरायची. ताप, खोकला, रक्तदाब, साखर, सगळं आपुलकीने विचारायची. शेवटच्या प्रश्नाला मात्र तिचा आवाज खाली यायचा. घरात कोणाला मनाचा आजार आहे का, असं तिथं स्वच्छ लिहिलेलं होतं. ती विचारायची, "तसलं काही नाही ना?"

असं विचारल्यावर हो कोण म्हणणार? बाया मान हलवायच्या, ती ‘नाही’वर बोट टेकवायची आणि दोघींनाही सुटल्यासारखं व्हायचं.

टेलरच्या दारात तेवढं अडलं. टेलर कित्येक महिने मशीनपुढे नुसता बसून होता. गिऱ्हाइकांची कापडं तशीच पडलेली. त्याची बायको उंबऱ्यात घुटमळली. "सिस्टर, यांचं जरा..." एवढंच म्हणाली. आत लग्नाची मुलगी कपड्यांच्या घड्या घालत होती. नर्सबाईने मायेनंच तिच्या आईच्या खांद्यावर हात ठेवला. एकदा नोंद झाली की चार तोंडी जाते, मुलगी उजवायची आहे अजून, होतील बरे, असं समजावलं आणि तिथंही बोट ‘नाही’वर टेकवलं.

ती हे बोलत होती ते आपल्याच घरच्या धड्यावरून. तिच्याकडे मागच्या खोलीत थोरल्या वन्सं राहायच्या. त्यांना कसले कसले आवाज ऐकू यायचे, त्या आवाजांशी त्या दिवसभर भांडायच्या. पाहुणे आले की सासूबाई टीव्ही मोठा करायच्या आणि खोलीला बाहेरून कडी घालायच्या. धाकट्या नणंदेचं लग्न जमत आलं होतं. घरच्या नोंदीसाठी नर्सबाईने कोणाला विचारलंसुद्धा नाही, परस्परच ‘नाही’ भरलं.

पुढे मोठ्या दवाखान्यात बैठक झाली. आरोग्य खात्याच्या साहेबांनी भिंतीवर नकाशा दाखवला. जिथं मनाचे रुग्ण जास्त, ते गाव गडद. तिचं गाव पांढरं शुभ्र होतं. आकडे बघून गावोगाव जाणाऱ्या मनाच्या डॉक्टरांच्या गाडीचे वार ठरले, तिच्या गावाला एकही मिळाला नाही. उलट असं निरोगी गाव म्हणून टाळ्या वाजल्या. त्या टाळ्या आपल्याला गोड लागल्या, हे तिच्या मनाला पुढे फार खात राहिलं.

कारण थंडी पडू लागली तेव्हा एका सकाळी टेलर दुकान उघडून बाहेर पडला तो परत आलाच नाही. कालव्याशी सापडला.

नर्सबाई भेटायला गेली. टेलरच्या बायकोने तिला एका शब्दानेही बोल लावला नाही. पाणी आणून दिलं. नर्सबाईने पेला तसाच खाली ठेवला.

घरी येऊन तिने सांगितलं, "आई, मी थोरल्या वन्संची नोंद करणार आहे."

सासूबाई तिच्याकडे वळल्या. "धाकटीचं जमत आलंय. तुझ्याच हाताने मोडणार?"

"या हाताने एक माणूस घालवलंय, आई. टेलरच्या बायकोच्या तोंडावर मीच हात ठेवला."

नवरा जेवता जेवता उठून गेला. धाकटी पुढे आली. ती म्हणाली, "लिही, वहिनी. उद्या मला काही झालं, तर मलाही त्याच खोलीत ठेवाल."

पुढच्या बैठकीत नर्सबाई उभी राहिली. आमच्या गावाचे आकडे खोटे आहेत, मीच ते खोटे भरलेत, पहिली नोंद माझ्या घरची घ्या, असं तिने सांगितलं. या वेळी कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. साहेब खूप रागावले. मग खुर्चीत मागे टेकले आणि असं आणखी किती गावांत झालं असेल, असं पुटपुटले.

ती पुन्हा घरोघर गेली. आधी आपल्या घरचं सांगायची, मग प्रश्न पुरता विचारायची. बाया रडायच्या, बोलायच्या. नकाशावरचं गाव गडद होत गेलं. धाकटीचं लग्न मोडलं. सासूबाईंनी नर्सबाईशी बोलणं टाकलं.

गावाला गाडीचा वार मिळाला, गाडी शाळेपुढे थांबणार होती. पहिल्याच दिवशी थोरल्या वन्संचा हात धरून नर्सबाई भर उन्हात, साऱ्या गावादेखत शाळेपर्यंत चालत गेली. त्यांना बाकावर बसवलं, शेजारी धाकटी बसली. मग नर्सबाई उरलेल्या एका घराकडे वळली. ते घर ती रोज उद्यावर ढकलत आली होती.

टेलरच्या उंबऱ्यातून शाळेपुढची गाडी दिसत होती. त्याची बायको तिकडेच बघत उभी होती.

"आता येतात होय डॉक्टर," ती म्हणाली.

नर्सबाईला वर बघवेना. तरी तिने प्रश्न पुरता विचारला. "ताई, घरात कोणाला मनाचा आजार आहे का?"

"नाही म्हणून लिहा, सिस्टर. आता खरंच कोणी नाही."

नर्सबाईने बोट ‘नाही’वर टेकवलं. या वेळी उत्तर खरं होतं.