आडवा ठेवलेला साचा

मित्रांनो, माझ्याकडे पाहून कुणाला खरे वाटणार नाही, पण मी एका खेळण्याचा जुना साचा आहे. तळहाताहून थोडा मोठा, पत्र्याचा, दोन खाचा आणि दोन जिभा असलेला. आता माझ्या अंगावर तांबूस डाग पडले आहेत आणि एक कोपरा वाकला आहे. मला पुठ्ठ्यावर ठेवायचे, माझ्या कडेने पेन्सिल फिरवायची आणि त्या रेघेवरून सुरी चालवायची, की माझ्याच आकाराचा पुठ्ठ्याचा तुकडा निघतो. असे हजारो तुकडे माझ्यावरून निघाले. त्यांतले आज फारसे कुठे उरले नसतील. ते का उरले नाहीत, तेच तुम्हांला सांगणार आहे.

रत्नागिरीच्या रामआळीत रावजी शिवलकर यांचे वह्या आणि रजिस्टरे बांधण्याचे दुकान होते. पुढे दुकान, मागे घर. कचेरीची जाडजूड रजिस्टरे, शाळांचे हजेरीपट, पोथ्यांची नवी पाठबांधणी, सारे काम त्यांच्याकडे येई. रावजींचा हात चांगला होता आणि त्यांना त्याचा अभिमानही होता. "शिवलकरांनी बांधलेलं पुस्तक माणूस म्हातारा झाला तरी सुटत नाही," असे लोक म्हणत. हे ऐकले की ते मान खाली घालून हसत.

त्यांची मुलगी दमयंती चौदा वर्षांची होती. तिची शाळा चौथीनंतर सुटली होती. घरातले काम उरकले की ती दुकानात येई आणि पुठ्ठ्याची कातरणे गोळा करून काहीतरी करत बसे.

१९३२ सालची गोष्ट. घरी पूजा होती म्हणून दमयंती आणि तिची आई येसूबाई फणसाच्या पानांचे द्रोण लावत होत्या. पाने दुमडायची आणि माडाच्या हिराची काडी टोचून अडकवायची. दमयंती मध्येच थांबली.

"आई, काडी न लावता पान पानातच अडकवलं तर?"

"अडकव बघू. आणि भटजी जेवायला बसले की सुटलं म्हणजे?" येसूबाई म्हणाल्या.

पान सुटलेच. पण दमयंतीच्या डोक्यातून ती गोष्ट गेली नाही. दुसऱ्या दिवशी तिने पुठ्ठ्याचा तुकडा दोन ठिकाणी दुमडून पन्हळीसारखा केला. त्याच्या दोन टोकांना जिभा ठेवल्या आणि बाजूंना खाचा पाडल्या. एका तुकड्याची जीभ दुसऱ्याच्या खाचेत घालायची. खळ नको, सरस नको, दोरा नको. असे तुकडे जोडत गेले की भिंत उभी राहते, भिंतींचे घर होते, घराशेजारी पूल होतो. मोडले की त्याच तुकड्यांचे पुन्हा दुसरे काही करायचे.

सांगायला हे सोपे वाटते. प्रत्यक्षात पावसाळाभरातल्या तिच्या साऱ्या दुपारी त्यात गेल्या. आधी जीभ खाचेतून निसटत होती. मग तिने जिभेचे टोक थोडे रुंद केले. मग खाच शेवटाशी फाटू लागली. आठवडाभर ती त्या फाटलेल्या खाचांकडे बघत बसली. शेवटी चांभाराकडून गोल भोक पाडायचे लोखंडी नळकांडे मागून आणले आणि प्रत्येक खाच जिथे संपते तिथे एक बारीक भोक पाडले. फाटणे थांबले.

रावजींनी ते भोक चष्मा वर करून पाहिले. "हे गो कुणी शिकवलं तुला?"

"कुणी नाय. फाटतं कुठून ते बघितलं, बाबा."

रावजी पुन्हा कापायला बसले. पण संध्याकाळी येसूबाईंना ते म्हणाले, "मला इतकी वर्षं झाली या धंद्यात, मला नसतं सुचलं." हे दमयंतीने ऐकले नाही. ती विहिरीवर गेली होती.

त्यानंतर माझा जन्म झाला. रॉकेलच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापून, कडा कानशीने घासून तिने मला घडवले. आणि दाभणाने माझ्या पोटावर एक बाण ओरखडला. लाकडाला असते तशी पुठ्ठ्यालाही उभी आणि आडवी बाजू असते. उभ्या बाजूने घातलेली घडी सरळ बसते आणि टिकते. आडव्या बाजूने घातलेली घडी तडकते, आणि चारदा उघडमीट केली की तुटते. पुस्तके बांधणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. तरी दमयंतीने बाण काढला, कारण तिला कुठेही चूक राहायला नको होती.

पुढच्या वर्षी फाल्गुनात खातूशेठ दुकानात आले. ते मूळचे राजापूरकडचे; मुंबईत गिरगावात त्यांचे खेळण्यांचे दुकान होते. एक जुनी पोथी बांधायला द्यावी म्हणून ते आले आणि फळीवर दमयंतीने उभा केलेला पूल पाहून तिथेच थबकले. त्यांनी तराजूतले शेराचे वजन उचलून पुलावर ठेवले. पूल वाकला नाही.

"रावजी, हे कुणाचं डोकं?"

"आमच्या दमीचं," रावजी म्हणाले. माझ्या उभ्या आयुष्यात मी त्यांचा तो अभिमानाचा आवाज तेवढा एकदाच ऐकला.

खातूशेठांनी दोनशे पेट्या मागितल्या. पावसाळ्यासाठी आगबोटी बंद होण्याआधी त्या मुंबईला पोचायला हव्या होत्या. मग काय विचारता! मी पुठ्ठ्यावरून उचललाच जात नव्हतो. दमयंती मला ठेवी, आखी, सरकवी. रावजी कापत. येसूबाई पेट्यांवर रंगीत कागद चिकटवत. काम करता करता दमयंती पुढच्या साच्याची चित्रे काढी. तिला गलबताच्या नाळेसाठी, म्हणजे पुढच्या निमुळत्या टोकासाठी, वाकडा तुकडा हवा होता. "हा जमला ना बाबा, की पोरं आख्खं बंदर उभं करतील," ती म्हणे. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले ते दिवस सर्वांत चांगले होते.

चाळीस पेट्यांचे तुकडे कापायचे राहिले असताना आंजर्ल्याच्या मामाचे लग्न आले. येसूबाई आणि दमयंती आठ दिवसांसाठी गेल्या. जाताना तिने मला पुसून खिळ्याला अडकवले.

इकडे पुठ्ठा कमी पडू लागला. नवा पुठ्ठा मुंबईहून येणार, आणि तो आणणारी बोट वेळेवर येईना. रावजींनी मला पुठ्ठ्यावर बाणाप्रमाणे ठेवून पाहिले, तर एका तावात सोळा तुकडे बसत होते. मला आडवे करून पाहिले, तर वीस बसत होते. त्यांनी मला पुन्हा सरळ केले, पुन्हा आडवे केले. मग स्वतःशीच म्हणाले, "खेळणंच तर आहे. रजिस्टर थोडंच आहे?"

त्यांनी मला आडवा ठेवला आणि पेन्सिल फिरवली. मला तोंड असते तर मी ओरडलो असतो. पण साचा जसा ठेवाल तसा पडून राहतो. हे तुकडे आधीच्या तुकड्यांत मिसळले गेले आणि सगळ्या पेट्यांत वाटले गेले. दमयंती परत आली तेव्हा पेट्या बांधून झाल्या होत्या. तिने हौसेने वरच्या पेटीवरून हात फिरवला. शेवटच्या बोटीने माल गेला.

दसऱ्यानंतर खातूशेठ आले ते हमालाच्या डोक्यावर पोते घेऊनच. पोते त्यांनी दुकानात ओतले. घडीवर तुटलेल्या तुकड्यांचा ढीग पडला. शेजारचे दोघे-तिघे दुकानदार काय झाले म्हणून आत आले.

"रावजी, चार दिवसांत पोरांच्या हातात घड्या तुटतात! गिऱ्हाइकं माझ्या तोंडावर पेट्या फेकून गेली. हे असं काम तुमच्या दुकानातून?"

रावजींनी मान वर केली. "शिवलकरांनी बांधलेलं" म्हणणारी माणसे समोर उभी होती. आणि त्यांच्या तोंडून निघून गेले, "चूक माझीच. पोरीच्या डोक्यानं चाललो. साचा तिचा. लहान पोर ती, तिला काय कळतंय?"

दमयंती कोकमाच्या सरबताचे पेले घेऊन दारात उभी होती.

तिने पेले खाली ठेवले. ढिगातला एक तुकडा उचलून त्याच्या तुटलेल्या कडेवरून बोट फिरवले. मग बापाकडे पाहिले. रावजी खातूशेठांकडे बघत होते. तिने तुकडा होता तिथे ठेवला आणि आत गेली.

त्या दिवसापासून ती दुकानात काम करायला आली नाही. रावजींनी हाक मारली तर येई, सांगितलेले करी आणि परत जाई. गलबताच्या चित्रांचे कागद तिने चुलीत घातले, असे येसूबाईंच्या बोलण्यातून मला कळले. माझ्यावर धूळ बसू लागली. रावजी रोज माझ्यासमोर बसून रजिस्टरे शिवत. एकदा त्यांनी मला हातात घेतले, बाणावर अंगठा ठेवला, आतल्या दाराकडे पाहिले. "दमे," अशी हाकही मारली. ती आली तेव्हा म्हणाले, "पाणी आण गो थोडं." नंतर त्यांनी मला भिंतीकडे तोंड करून टांगले.

पुढच्या वर्षी दमयंतीचे लग्न झाले. गुहागरला शाळामास्तर असलेल्या विश्रामशी. ती गेली आणि दुकानात कातरणे साचू लागली. ती उचलणारे कुणी नव्हते.

चार वर्षे गेली. १९३८ च्या दिवाळीत येसूबाई लेकीकडे राहून आल्या. जेवताना त्या सहज म्हणाल्या, "जावई शाळेतल्या पोरांसाठी कागदाचा कंदील करायला सांगत होते दमीला. तर म्हणते कशी, मला नाय जमत असलं काही. केलाच नाय तिनं."

रावजींचा घास हातातच राहिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला खिळ्यावरून काढले, पुसले आणि पिशवीत घातले. आगबोटीने ते दाभोळला उतरले, तरीच्या होडीतून खाडी ओलांडली आणि बैलगाडीने गुहागरला पोचले.

ओटीवर विश्राम होता, त्याची आई होती, सुपाऱ्या सोलायला आलेल्या दोन शेजारणी होत्या. दमयंती पाण्याचा तांब्या घेऊन आली. ती म्हणाली, "बाबा, आधी पाय धुवा."

"धुतो. आधी बोलू दे." रावजी उभेच राहिले. "चारचौघांत बोललो होतो, म्हणून चारचौघांत सांगायला आलोय. हा साचा माझ्या लेकीनं केला. त्यात काडीची चूक नव्हती. मी तो आडवा ठेवला. पुठ्ठा पुरवायला ठेवला, आणि ते ठाऊक असून दोष हिच्यावर घातला."

कुणाला काही उमगेना. सासूबाई म्हणाल्या, "अगो बाय, एवढ्यासाठी एवढ्या लांब आलात?"

पण दमयंतीला उमगले. ती शांतपणे म्हणाली, "मला त्याच दिवशी दिसलं होतं, बाबा. आडव्या पुठ्ठ्याची कड हाताला कळते."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते. लग्न होऊन बोटीत बसेपर्यंत थांबले होते."

रावजी खाली बसले. म्हाताऱ्या माणसाला रडताना पाहून शेजारणी उठून गेल्या. दमयंतीने त्यांचे पाय स्वतः धुतले, पदराने पुसले. रावजींनी मला तिच्या पुढे केले. "पुन्हा कर गो. पुठ्ठा मी पाठवतो. नाळेचा तुकडा राहिलाय तुझा."

तिने मला हातात घेऊन उलटसुलट केले. "तेव्हा डोळे मिटले की घरं, पूल, गलबतं रांगेनं उभी राहायची, बाबा. आता नाही येत ती. मी बोलावून बघितली." ती रागावलेली नव्हती. ते मला अधिक लागले.

रावजी दोन दिवस राहिले. तिने त्यांना आवडतात तशा घावनांचा घाट घातला, नारळाचा रस केला. दोघे पुष्कळ बोलले. त्यात खेळण्याचे नाव निघाले नाही. पुढे दोन वर्षांनी रावजी वारले. मी आता दमयंतीच्या स्वयंपाकघरात असतो. ती मला दुधाच्या भांड्यावर झाकण म्हणून ठेवते. खाचांतून वाफ जाते म्हणून मी त्या कामाला बरा आहे.

मित्रांनो, मला गंजापासून वाचवा, असे मी तुम्हांला म्हणणार नाही. पत्रा आहे, तो गंजणारच. माझे मागणे वेगळे आहे. तुमच्या हातून चूक झाली आणि तिचा दोष दुसऱ्याच्या माथी गेला, तर ते त्याच दिवशी सांगून टाका. तो माणूस समोर उभा आहे आणि अजून तुमच्याकडे बघतो आहे, तोवर सांगा. रावजी वाईट माणूस नव्हते. ते खरे बोलले, मनापासून बोलले, आणि त्यांच्या लेकीने त्यांना क्षमाही केली. फक्त ज्या मुलीला ते ऐकायचे होते, ती तोवर राहिली नव्हती.