आईची कणकण

आमच्या घरात आजाराला त्याच्या नावानं हाक मारायची पद्धत नव्हती. आजोबांना कॅन्सर झाला तेव्हा त्यांना म्हणे पोटाची तक्रार होती. आई अंथरुणाला खिळली, बोलेनाशी झाली, भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागली, तेव्हा बाबांनी सगळ्यांना सांगितलं, "तिच्या अंगात जरा कणकण आहे." शेजारीण आली, कणकण. आत्याचा फोन आला, कणकण. दोन वर्षं उतरली नाही अशी ती कणकण.

मी तेव्हा कॉलेजात मानसशास्त्र शिकत होते. शिकत होते म्हणजे नाव घातलेलं होतं. बाबा कामावर, म्हणून घरी मी. आईला खोलीत माणसाचा आवाज लागायचा. गप्पा मारून मारून किती मारणार? मग मी तिला क्रमिक पुस्तकच मोठ्यानं वाचून दाखवायचे. मध्येच उठून तिचे केस विंचरायचे, चार घास भरवायचे, परत वाचायचे. एकदा, घंटा वाजली की लाळ गाळणाऱ्या त्या प्रयोगातल्या कुत्र्याचा धडा चालला होता. कित्येक दिवसांनी आईनं तोंड उघडलं.

"त्या कुत्र्याला खायला दिलं का शेवटी?"

मी इतकी हसले की पुस्तक हातातून पडलं. आज आई नाही, आणि कुणाला विचित्र वाटेल, पण मला त्याच दुपारी आठवतात. अर्धा ओढलेला पडदा, तेलाचा वास, तिची पाठ. तेवढी ती पुन्हा कधीच माझ्या एकटीच्या वाट्याला आली नाही.

वर्गात हजेरी नाही, परीक्षेला अर्धं लक्ष घरी. काठावर पास झाले. आई हळूहळू उठून हिंडूफिरू लागली आणि मी एम.ए.ला अर्ज करायला लागले, तर जिथेतिथे माझे मार्क बघूनच दार बंद. एका ठिकाणी मात्र मुलाखतीला बोलावलं. ती शेवटची आशा. तिथे नाही जमलं तर बाबांच्या ओळखीनं विमा कंपनीत चिकटायचं, असं ठरलेलं होतं.

आई म्हणाली, "मी येते सोबत." मी नको नको म्हणत होते, पण इस्त्रीचे कपडे घालून ती माझ्याआधी दारात उभी.

खोलीत टेबलापलीकडे विभागप्रमुख बाई आणि दोन सर. बाईंनी गुणपत्रिका पालथी ठेवली. "शाळेत इतकी हुशार, मग कॉलेजात काय झालं?"

उत्तर मी आरशासमोर घोकलं होतं. पण ऐन वेळी तोंडातून घरचं वळणच बाहेर पडलं.

"आईच्या अंगात जरा कणकण होती."

"कणकण?"

"हो. दोन वर्षं."

एक सर खोकल्याचं निमित्त करून हसले. मानसशास्त्राच्या विभागात बसून मी हे बोलले होते! पुढचे प्रश्न मला ऐकूच आले नाहीत. "ठीक आहे, कळवू," बाई म्हणाल्या. त्या कळवण्याचा अर्थ न कळायला मी काही दूधखुळी नव्हते.

बाहेर बाकावर आई. "काय विचारलं?"

"मार्कांचं."

"मग?"

"मी कणकण म्हणाले."

आई पर्स माझ्या हातात कोंबून उठली.

"आई, असं आत जाता येत नाही."

"बघते की कोण अडवतंय."

आणि गेली. दार लोटायचंही भान तिला नव्हतं, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"आत्ता येऊन गेली ना, त्या मुलीची मी आई. मला कणकण नव्हती, डिप्रेशन होतं. मी अंथरुणातून उठत नव्हते आणि ही पोरगी माझ्यापाशी बसून होती. ते मार्क माझे आहेत, नाव तिचं लागलंय."

आमच्या घरातल्या कुणीतरी तो शब्द पहिल्यांदा उच्चारला होता. पर्स छातीशी धरून मी बाकावर ढसाढसा रडत होते.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "बसा ना," बाई म्हणाल्या. "पण मग तिनं हे सरळ का नाही सांगितलं?"



"आम्ही शिकवलंच नाही तिला. आता तुम्ही शिकवा."

आणि त्यांनी शिकवलं.